इंदिरानगरातली नामपूरची माती

वाल्मीकअण्णा भामरे माती हातात घेत, तेव्हा आजूबाजूच्यांनी गप्प बसायचं असे. आधी ते चिमूटभर माती अंगठ्यानं चुरत, मग नाकाशी नेत, मग डोळे मिटून जरा वेळ थांबत. कॉलनीतल्या कुणा बाईनं मोगऱ्याची कुंडी पुढे केलेली असे आणि ती बिचारी श्वास रोखून निकालाची वाट बघत असे. "हिच्यात जीव नाय," असं अण्णा म्हणाले की कुंडी रिकामी. "चालंल," म्हणाले की मोगऱ्याला जीवदान. अण्णा माती चाखूनही बघतात अशी एक वदंता होती. अण्णांनी तिला कधी दुजोरा दिला नाही आणि कधी ती खोडूनही काढली नाही.

आता खरं सांगायचं तर अण्णांनी उभ्या आयुष्यात शेती अशी केलीच नव्हती. जन्म नामपूरचा, घरात कांदा, इथपर्यंत सगळं बरोबर. पण मिसरूड फुटतं न फुटतं तोच ते नाशिकला आले, अंबडच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागले आणि निवृत्त होईपर्यंत नटबोल्टांचा हिशेब बघत राहिले. वावर सांभाळलं ते धाकट्या भावानं, सहादूनं. पण इंदिरानगरात शेतकऱ्याच्या पोटी जन्माला येणं एवढं भांडवल पुरत होतं. शेजारी बँकेतले, विम्यातले, शाळेतले. भुईमुगाच्या शेंगा जमिनीखाली लागतात हेसुद्धा त्यांना अण्णांकडून कळायचं.

अण्णांचा खरा मान असे नवरात्रात. घटस्थापनेला परडीत काळी माती पसरून सात धान्यं पेरायची, रोज हलक्या हातानं पाणी घालायचं आणि दसऱ्याला जे पिवळसर तुरे वर येतील त्यावरून घराची बरकत जोखायची, हा घरोघरचा रिवाज. पण फरशा बसवलेल्या कॉलनीत काळी माती कुठून आणणार? राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी अण्णांनी नामपूरहून एसटीनं पोतंभर माती आणली आणि घरटी पाटीभर वाटली. त्या वर्षी तुरे असे तरारले की दसऱ्याला माणसं एकमेकांच्या घरी सोनं द्यायला कमी आणि तुरे बघायला जास्त गेली. "अण्णांची नामपूरची माती" तेव्हापासून प्रसिद्ध झाली.

तिसऱ्या वर्षी मात्र गडबड झाली. सटाण्याच्या पुढे पोतं उसवलं, एका पांढऱ्या पँटवाल्या गृहस्थाच्या मांडीवर नामपूरचं वावर सांडलं, सगळी बस शिंकायला लागली आणि कंडक्टरनं वरून सामानाचं तिकीट फाडलं. त्यात निघताना सहादूनं टोमणा मारला होता, "दादा, दरसाल पोतं पोतं करून वाटणी नेतोस का काय?" अण्णांना तो लागला. पुढच्या वर्षी नामपूरला जाणं नको वाटलं. आणि इकडे घट तर दोन दिवसांवर आलेले. शेजारणी जिन्यात गाठून विचारत होत्या, "अण्णा, माती कधी?"

कॉलनीच्या मागे एक बंद पडलेला कारखाना होता. तिथं पूर्वी गाड्यांच्या नळ्यांना आणि दारांच्या कड्यांना निकेल-क्रोमचा चकचकीत मुलामा द्यायचे. मालकानं कधीच गाशा गुंडाळला होता. भिंत एका जागी पडलेली होती. अण्णा पोतं काखेत मारून तिथून आत शिरले आणि हरखलेच. काय काळी माती! काय भुसभुशीत! आणि स्वच्छ तर अशी, की मुलाम्याच्या जुन्या टाकीच्या बाजूला गवताची काडीसुद्धा नाही. अण्णांनी माती चुरली, हुंगली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "तणाचं बीसुद्धा नाय हिच्यात. घटाला अशीच पायजे." ज्या जमिनीत गवत उगवत नाही ती बघून सहादू दोन पावलं मागे सरला असता. अण्णांनी पोतं भरलं.

खोटं असं ते बोलले नाहीत. कुणी विचारलंच, "नामपूरची ना?" तर अण्णा उलट विचारत, "मग तुम्हाला काय वाटलं?" विचारणारा ओशाळून पाटी पुढे करी. घरात फक्त बायकोला, कुसाबाईंना, ठाऊक होतं, कारण पोतं धुवायचं काम त्यांच्याकडे. एकदा मोरीतून त्यांनी हाक मारली, "अहो, पाणी हिरवंपिवळं का निघतंय?"

"कस उतरतोय मातीचा," अण्णा पेपरातून तोंड न काढता म्हणाले.

"मग पुढल्या वर्षीपासून कस तुम्हीच उतरवा," म्हणून कुसाबाईंनी पोतं त्यांच्या पायाशी आणून टाकलं.

असं बिनघोर चाललं होतं. शेजारच्या अंबूबाईंच्या घरचा घट तेवढा एका वर्षी फसला. अंबूबाईंनी त्या वर्षी मोठ्या हौसेनं पेरणीचा मान सुनेला, ज्योत्स्नाला, दिला होता. नवी सून, पहिला घट. शेजारधर्म म्हणून अण्णांनी त्यांच्यासाठी माती मुद्दाम निवडून आणली, टाकीला लागून असलेली, सगळ्यात काळी. बाकीच्यांना आपली पडक्या भिंतीजवळची, जिथं थोडंफार तण तरी होतं. ज्योत्स्नानं धान्य पेरलं, पाणी घातलं, रोज वाकून बघितलं. सगळ्यांकडे तुरे आले. तिच्या परडीत काळ्या मातीवर गहू जसेच्या तसे पडून राहिले आणि शेवटी कुजले.

अंबूबाई हादरल्या. त्यांनी अण्णांना बोलावून परडी दाखवली. त्या वेळी घरात चार बायका होत्या, ज्योत्स्ना दाराशी उभी होती. अण्णांनी माती चुरली, हुंगली, डोळे मिटले. "मातीत खोट नाय," ते म्हणाले.

मग खोट कशात, हे कुणी बोललं नाही, आणि बोलायची गरजही पडली नाही. पुढच्या वर्षी अंबूबाईंनी स्वतः पेरलं. टाकीजवळ तेव्हा पाणी साचलेलं होतं, म्हणून माती भिंतीजवळची आली, आणि तुरे उगवले. झालं, पुरावा मिळाला. "हिच्या हाताला येत नाही," असं अंबूबाई सहज बोलता बोलता म्हणू लागल्या. मग पापड, लोणची, डोहाळजेवणाची ओटी, सगळ्यातूनच ज्योत्स्नाचा हात हळूहळू मागे घेतला गेला. नवरा मनोज स्वभावानं गमत्या, त्यानं ते हसण्यावारी नेलं. ज्योत्स्ना नवरात्रात स्वयंपाकघरात थांबायला लागली.

अण्णांना यात आपला काही संबंध आहे असं कधी वाटलं नाही. ते निवृत्त झाले होते आणि त्यांना एक नवीन काम मिळालं होतं. मागच्या कारखान्याच्या जागेवर बाग व्हावी म्हणून कॉलनीनं समिती केली आणि अध्यक्ष अर्थातच अण्णा. त्यांनी अर्ज दिले, महापालिकेचे जिने झिजवले, नगरसेवकाच्या दारातल्या बाकावर डुलक्या काढल्या. दर वेळी एकच उत्तर, सगळा पैसा सिंहस्थाच्या रस्त्यांना लागलाय. शेवटी कुठून तरी चक्रं फिरली. खराब झालेल्या जमिनी साफ करून लोकांच्या वापरात आणायला सरकारनं वेगळा निधी काढला होता, त्यात या जागेचा नंबर लागला.

"सरकार आता माती धुणार!" अण्णा चौकात सगळ्यांना सांगत सुटले. "इथं नळाला पाणी नाय आणि माती धुणार!" पण मनातून खूश होते. पहिल्या सभेत काहीजण तापले. ज्यानं घाण केली तो मालक पळाला आणि आमच्या कराच्या पैशातून त्याची उष्टी काढायची का, असा त्यांचा सवाल. अण्णांनी उभं राहून त्यांना गार केलं. "घाण कुणाची ते कोर्ट बघंल. त्या जागेवर खेळणारी पोरं तर आपली हायेत ना?" टाळ्या पडल्या. ते वाक्य अण्णांना एवढं आवडलं की त्यांनी ते नंतर दूधवाल्यालाही ऐकवलं.

दुसरी सभा उन्हाळ्यात झाली, कॉलनीच्या हॉलमध्ये. या कामाची इंजिनिअर वेदिका नावाची मुलगी होती, बोलायला साधी आणि स्पष्ट. अण्णांना शाल-नारळ देऊन पुढच्या खुर्चीवर बसवलेलं. ज्योत्स्ना मागं चहाच्या ट्रेजवळ उभी होती. वेदिकानं पडद्यावर जागेचा नकाशा लावला, त्यावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे होते.

"आणखी एक विचारायचंय," ती म्हणाली. "इथली माती कुणी बाहेर नेली आहे का? कुंडीत, बागेत, कशातही? मंजूर झालेल्या निधीत ती उचलून नेण्याचीही सोय आहे. पण ते आत्ता सांगायला हवं. एकदा आराखडा पक्का झाला की मग त्यासाठी पैसे मिळणार नाहीत."

"ती घाण घरी कोण नेणार मॅडम!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. अण्णा सगळ्यांत मोठ्यानं हसले.

"छान. सगळ्यात वाईट जागा ही, टाकीजवळची," वेदिकानं लाल पट्ट्यावर बोट ठेवलं. "इथं क्रोम एवढं आहे की बी रुजतच नाही. तुम्ही पाहिलंच असेल, गवतसुद्धा येत नाही."

अण्णांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी पाहिलं होतं. पाहून आनंदानं पोतं भरलं होतं. डोळ्यांपुढं एक परडी आली, काळ्या मातीवर जसेच्या तसे पडलेले गहू, आणि दाराशी उभी असलेली नवी सून. आणि स्वतःचा आवाज ऐकू आला, मातीत खोट नाय. नारळ मांडीवरून घरंगळला तरी त्यांना कळलं नाही.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. कुणाला माहीत होतं? बायकांच्या रांगेत बसलेल्या कुसाबाईंना. अण्णांनी तिकडं पाहिलं. कुसाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मग वर पंख्याकडे पाहायला लागल्या. त्या पंख्यात तसं बघण्यासारखं काही नव्हतं.

अण्णा उठले. अध्यक्ष आभार मानणार असं समजून लोकांनी टाळ्या सुरू केल्या.

"टाळ्या नको," अण्णा म्हणाले, आणि नाशिकमध्ये एवढी वर्षं काढूनही त्यांच्या तोंडून सरळ अहिराणी बाहेर पडली. "मी नेली. घटनी माटी. नामपूरनी नव्हती ती. आठलीच शे. इथली, मागलीच."

हॉलमध्ये कुणाला काही कळेना, मग सगळ्यांना एकदमच कळलं. कुजबुज उठली. वेदिका हातातला पेन तसाच धरून उभी राहिली. सगळ्यांत आधी मनोजला कंठ फुटला. "म्हणजे अण्णा, दसऱ्यानंतर ती माती आईनं कढीपत्त्याच्या कुंडीत टाकली. तरीच आमच्या कढीला इतकी चमक!" हशा पिकला. अण्णांना त्या हशाचा आधार वाटला, पण क्षणभरच.

"अण्णा," मागून ज्योत्स्नाचा आवाज आला. "त्या वर्षी आमच्याकडे आणली ती कुठली होती?"

हशा थांबला. "टाकीजवळची," अण्णा म्हणाले. "तुमच्याकडं द्यायची म्हणून चांगली बघून आणली होती बाई."

ज्योत्स्नानं ट्रे खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. दुःखानं की रागानं ते अण्णांना कळेना, दोन्हीनंही असेल. ती हॉलबाहेर निघून गेली आणि जन्मात कधी वाटली नव्हती एवढी लाज अण्णांना त्या वेळी वाटली.

नंतरचे दिवस अण्णांना जड गेले. जागेवर पांढऱ्या कपड्यांतली, तोंडाला मास्क लावलेली माणसं माती खणून ताडपत्रीखाली झाकून शहराबाहेर नेत होती. कॉलनीतल्या कुंड्या गोळा करायचं काम अण्णांनी आपणहून मागून घेतलं. हातगाडी ढकलत ते दारोदार फिरले. तुळशी निघाल्या, मिरच्या निघाल्या, एका घरातून तर माती भरलेला जुना बाथटब निघाला. प्रत्येक दारात एकेक टोला ठरलेला. "अण्णा, देताना हुंगली होती ना, आता घेतानाही हुंगा की!" अण्णा मान खाली घालून हातमोजे सारखे करत. वेदिकानं सगळ्यांना समजावलं, त्या कुंड्यांतलं काही खाऊ नका आणि ज्यांनी रोज खाल्लंय त्यांनी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. अंबूबाईंनी हट्टानं सगळ्या तपासण्या करून घेतल्या. निघाले काय, तर गुडघे झिजलेले. "हेसुद्धा अण्णांच्या मातीनंच," असं म्हणायला त्या कमी करत नसत.

सुनेला मात्र त्या काही म्हणाल्या नाहीत. चूक झाली असं तोंडानं म्हणणं त्यांच्या घराण्यातच नव्हतं. आणि ज्योत्स्ना अण्णांशी बोलत नव्हती. जिन्यात दिसली तर भिंतीकडे सरकून वाट द्यायची, बस्स.

खणलेल्या जागेत निधीतून चांगली माती येऊन पडली. वेदिकानं अण्णांना गमतीनं बोलावलं, "अध्यक्ष, बघा बरं, कशी वाटते?" अण्णांचा हात सवयीनं पुढं गेला, मग त्यांनी तो मागं घेतला. "तपासणीत काय आलं?" त्यांनी विचारलं. चांगली आहे, असं ती म्हणाली. "मग चांगली असंल," अण्णा म्हणाले आणि लांब जाऊन बाकावर बसले. माती चुरून बघण्यावाचून त्यांचे हात कसे रिकामे रिकामे दिसत होते.

भाद्रपद संपत आला तसे ते एके दिवशी पोतं घेऊन नामपूरला गेले. सहादूला सगळी हकिगत सांगितली. सहादू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, मग एकाएकी थांबला. "दादा, गवत येत नव्हतं ते तुला दिसलं ना? मग?"

अण्णा पोत्याची घडी उलगडत राहिले. सहादूनं आणखी काही विचारलं नाही, स्वतः फावडं घेऊन बांधाजवळची माती भरून दिली आणि पोत्याचं तोंड दुहेरी सुतळीनं शिवलं. येताना अण्णांनी कंडक्टरनं न मागता सामानाचं तिकीट काढलं.

या वेळी त्यांनी माती वाटली नाही. पोतं जिन्याखाली ठेवलं आणि ज्याला हवी त्यानं न्यावी म्हणून सांगितलं. लोक लांबून बघून पुढं गेले. संध्याकाळपर्यंत पोत्याला कुणी हात लावला नाही. अण्णा दार किलकिलं ठेवून खुर्चीवर बसून राहिले. दिवेलागणीला शेजारून अंबूबाईंचा आवाज आला, "माझ्यानं यंदा खाली बसवत नाही बाई. गुडघे. तूच पेर काय ते. ही घे परडी."

मग ज्योत्स्ना परडी घेऊन जिन्याखाली आली. अण्णा चपला न घालताच बाहेर आले.

"ही कुठली?" तिनं विचारलं. कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होती.

"नामपूरची. सहादूला फोन लावून देऊ का?"

"नको." तिनं चिमूटभर माती घेतली, अंगठ्यानं चुरली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून थांबली, जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ. अण्णा श्वास रोखून उभे होते. "चालंल," ती म्हणाली आणि परडी भरून वर गेली. त्यानंतर मात्र पोतं हां हां म्हणता रिकामं झालं.

पुढचे दिवस अण्णांचा जीव थाऱ्यावर नव्हता. कधी पेपर मागायला, कधी मनोजला क्रिकेटचा स्कोअर विचारायला म्हणून ते शेजारच्या दारात जात आणि मान उंचावून देव्हाऱ्याकडे बघत. क्रिकेटमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही हे मनोजला ठाऊक होतं. "अण्णा, अजून खातं उघडलं नाही," तो गंभीर चेहऱ्यानं सांगे. अण्णा अर्ध्या जेवणावरून उठत. मग एका सकाळी मनोजनं न विचारताच दारातून आरोळी दिली, "अण्णा, सुरुवात झाली!" अण्णांनी कुसाबाईंना हाक मारली आणि हाक मारताना आवाज फुटला, तेव्हा खोकल्याचं निमित्त केलं.

दसऱ्याला घट उठले. अण्णा ठेवणीतली पांढरी टोपी घालून दारात बसले होते, पण दरवर्षीसारखे कुणाकडे तुरे बघायला गेले नाहीत. घटाचा तुरा आधी देवाला वाहतात, मग घरातल्या कर्त्या पुरुषाच्या टोपीत खोवतात. शेजारून अंबूबाई म्हणत होत्या, "मनोजला दे आधी." पण ज्योत्स्ना परडी घेऊन बाहेर आली आणि अण्णांच्या दारात उभी राहिली. परडीत वीतभर उंचीचे पिवळेधमक तुरे दाटीनं उभे होते.

अण्णांनी झटकन टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला नको गं. माझा मान नाय तो."

"टोपी घाला, अण्णा."

त्यांनी घातली. तिनं मूठभर तुरा खुडला आणि त्यांच्या टोपीच्या घडीत नीट खोवला. "यंदा मातीत खोट नव्हती," ती म्हणाली. ती हसत होती.

अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते उठून उभे राहिले आणि शेजारच्या घरातच काय, वरच्या मजल्यावरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हातातबी नव्हती! कधीच नव्हती!"

 मग आतून अंबूबाईंचा आवाज आला.

"ऐकलं मी. गुडघे गेलेत माझे, कान नाही गेले." आणि जरा थांबून, खालच्या सुरात, "ज्योत्स्ना, तो तुरा इकडं पण आण. माझ्या अंबाड्यात तूच खोव."